मागच्या खोलीतलं तळं

९ जानेवारी

हिशेबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरी राहतात आणि वर्ष सरलं की वही रद्दीत जाते. कोरा कागद रद्दीत घालणं मला पाप वाटतं. म्हणून यंदा पुढून हिशेब आणि मागून मन. दोन्ही मध्ये जिथं भेटतील तिथं वही संपली.

तर मन. हे निवृत्त झाल्यापासून खुर्ची भिंतीकडे फिरवून बसतात. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात जन्म काढला, सगळ्या गावाला पाणी पाजलं, आणि आता भिंत बघतात. खिडकीकडे तोंड करा म्हटलं की करतात. मी स्वयंपाकघरात गेले की खुर्ची पुन्हा भिंतीकडे. पंपघरात आवाज इतका, की ह्यांचं बोलणं म्हणजे ओरडणंच. घरात मीठ मागितलं तर शेजारच्या घरातून मीठ यायचं. आता सबंध दिवसात 'हं' आणि 'नको'.

डॉक्टर म्हणाले, "नाडी उत्तम, रक्त उत्तम. ह्यांना काहीतरी करायला द्या." दिवा लावताना देवाजवळ तेच मागितलं. आई म्हणायची, मागायचं तर नेमकं मागावं. मी 'काहीतरी' एवढंच म्हटलं. बघू.

२२ जानेवारी

दूध आणायच्या निमित्तानं ह्यांना बाहेर काढलं. परतताना शोभेच्या माशांच्या दुकानापुढं हे एकाएकी थांबले. मान तिरकी. म्हटलं छातीत दुखतंय की काय. तर हे सरळ दुकानात.

"तुमचा पंप हवा ओढतोय."

माशेवाला चपापला. शर्टाच्या बाह्या कायम ओल्या असलेला, पन्नाशीचा माणूस. "कोणता हो?"

"मागचा. डावीकडचा. झाकण सैल आहे."

माशेवाल्यानं हात घालायच्या आधी ह्यांनीच घातला. दोन पिळे दिले आणि घरघर थांबली. तेव्हा कळलं की घरघर होती. मी देवाला मनातल्या मनात नमस्कार केला: किती महिन्यांनी पूर्ण वाक्य ऐकलं! तेही एक सोडून दोन!

आणि मग मी ते पाहिलं. मागच्या टाकीच्या तळाशी कुणी काळं कापड टाकलंय असं वाटलं. वर पांढरे ठिपके, मोजून मापून मांडावेत तसे. मी जवळ गेले आणि कापडानं डोळे उघडले.

मग ते कापड उठलं. त्याला ना पर दिसत, ना वल्हं मारल्यासारखं काही. नुसती कड एकीकडून दुसरीकडे लहरत गेली आणि ते पाण्यातून वर आलं, वाळत घातलेली चादर वाऱ्यानं फुगावी तसं. काचेला पोट लावून उभं राहिलं. खाली पांढरंशुभ्र, आणि त्यावर इवलंसं तोंड, हसणाऱ्या बाळासारखं. दुकानात, चपला घालून, माझे हात जोडले गेले.

"पाकट म्हणतात काकू. गोड्या पाण्यातले, लांबच्या नद्यांमधले. नर-मादी आहेत. शेपटीला काटा असतो, तेवढं सांभाळायचं." माशेवाला काच पुसत म्हणाला, "उन्हाळ्यात दुकान बंद करतोय. बाकीचे मासे खपतील. ह्या जोडीला कोण नेणार? अजून वाढतील."

"मग नदीत सोडा."

"इथल्या नदीतले नाहीत हो. एक तर नदी त्यांना मारील, नाहीतर ते नदीतल्या माशांना."

"मग?"

माशेवाला नुसता काच पुसत राहिला. स्वच्छच होती ती.

३० जानेवारी

देवा, मी नेमकं मागायला हवं होतं.

सकाळी हे मागच्या खोलीत गेले. लेकीचं लग्न झाल्यापासून तिथं अडगळ आहे. हातात खडू. जमिनीवर लांबरुंद चौकोन आखला आणि म्हणाले, "इथं."

"इथं काय?"

"तळं."

मी म्हटलं, घरात तळं? छत गळतं तेव्हा बादल्या आपण ठेवतो ते काय कमी आहे? पण ह्यांच्या डोळ्यांत पंपघराचे दिवे लागलेले दिसले आणि मी केरसुणी आणायला गेले.

दुपारी लेकीचा फोन. "आई, डॉक्टर काहीतरी करायला द्या म्हणाले, म्हणजे शब्दकोडं वगैरे!"

"बाई गं, शब्दकोडं भिंतीकडे तोंड करूनही सोडवता येतं."

"आणि ते विषारी मासे? चावले म्हणजे?"

"ते चावत नाहीत, टोचतात," मी म्हटलं. मी कुणाची बाजू घेतेय ते माझं मलाच कळेना.

पण इथं खरं लिहायचं. भीती काट्याची नाही. हे तळं जमलं नाही, किंवा जमलं आणि ते मुके जीव जगले नाहीत, तर खुर्ची पुन्हा भिंतीकडे जाईल. आणि ह्या खेपेला ती माझ्यानं फिरणार नाही.

११ फेब्रुवारी

अंगणाची जुनी भिंत पडली होती, तिच्या विटा हे एकेक आत आणतात. विटा फुकटच्या, ही जमेची बाजू. सगळ्या घरात लाल धूळ, ही खर्चाची.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. तिला आम्ही घरात चौकशीखातं म्हणतो. "काय हो, विहीर खणताय म्हणे घरात?"

"विहीर नाही, तळं."

"अगंबाई! लोक निवृत्त झाले की बाग करतात. तुमच्याकडे बागच घरात चाललीये!"

"तुम्ही आलात बघायला तर दार उघडं आहे," मी म्हटलं. "विटा आणताना या, रिकाम्या हातानं कशाला?"

गेली.

दुपारी ह्यांनी माझं देवापुढचं स्टूल उचलून नेलं, गज लावून उंची मोजली आणि परत आणून ठेवलं. गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही, म्हणून ते स्टूल. "स्टूल कशाला मोजता?" तर "हं."

२५ फेब्रुवारी

आज भांडलेच. तळ्याच्या चारही भिंती एकेरी विटेच्या जाडीला चालल्या असत्या असं ह्यांनीच आधी सांगितलं होतं. आता खिडकीच्या बाजूचा काठ हा एवढा रुंद! वर गुळगुळीत गिलावा, कोपरे गोल घासलेले. माशांना काठ रुंद काय नि अरुंद काय? विटा गेल्या, सिमेंट गेलं. मी म्हटलं, "पाकट काय काठावर येऊन बसणार आहेत?"

हे हात धूत होते. म्हणाले, "मजबुतीला."

बाकी तीन भिंतींना मजबुती नको वाटतं! शिकल्यासवरल्या माणसाशी वाद घालावा, पंपवाल्याशी घालू नये.

६ मार्च

आत काळं रबरी कापड अंथरलं, एकाही सुरकुतीशिवाय. ह्यांना अंथरुणाची चादर कधी सरळ घालता आली नाही. बाजूला तीन पिंपं. पाणी पहिल्यात जाणार, गाळ बसणार, दुसऱ्यात स्पंज, तिसऱ्यात वाळू, मग पंपानं परत तळ्यात. "आमचं पंपघरच आहे," हे म्हणाले, "फक्त खिशात मावेल असं." किती बोलतात हल्ली!

एक गोष्ट पटली नाही. खोलीतला चांगला पितळी नळ काढून प्लास्टिकचा लावला. पितळ काढून प्लास्टिक! विचारलं तर म्हणाले, "पाण्याला चव येते." मासे चव बघतात की काय? नळ मी घासून फडताळात ठेवलाय. कधीतरी उपयोगी पडेल.

१५ मार्च

आज पाणी सोडलं.

सकाळची उन्हं खिडकीतून तळ्यावर पडली आणि सगळी खोली हलायला लागली. छतावर प्रकाशाच्या जाळ्या. भिंतीवर, अडगळीच्या कपाटावर, ह्यांच्या टकलावर. हे मधोमध उभे, हातात पाना, आणि अंगभर पाणी नाचतंय. मी दारातच उभी राहिले. ह्याच खोलीत पंचवीस वर्षं केर काढला, कधी वाटलं नव्हतं की हिच्यात एवढा उजेड मावेल.

काठावर टेकले. काठ बसायला बरा आहे. तेवढं म्हणायला हवं.

९ एप्रिल

तळं तयार, मासे नाहीत. का, तर पाणी मुरायला हवं. डोळ्यांना न दिसणारे जीव आधी पिंपांत वसतात, ते घाण खातात, मग मासे. विरजणासारखंच म्हणायचं. मला हे फार आवडलं. म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या पाण्यातही कुणीतरी आहे, कामाला लागलेलं. देवाबद्दल मला कधी शंका आली नाही, पण आली असती तर ह्या पाण्याकडे बघून गेली असती.

हे रोज ओंजळ भरून वास घेतात. काल म्हणाले, "अजून नाही." आज, "आता येतंय."

२७ एप्रिल

आले!

माशेवाला मोठ्या टबातून घेऊन आला. शेपटीच्या काट्यावर प्लास्टिकच्या नळीचा तुकडा चढवला होता, तो पाण्यात सोडताना काढला. मोठी ती मादी, माझ्या कणकेच्या परातीएवढी. नर तिच्याहून बराच लहान. मी तिथंच नावं ठेवली, परात आणि ताटली. हे हसले नाहीत, पण मिशी हलली.

परात तळाला गेली, कड हलवून अंगावर वाळू ओढली आणि नाहीशी झाली. माझ्या डोळ्यांदेखत! फक्त दोन डोळे वर. डोळ्यांमागं दोन भोकं आहेत, त्यांनी ती श्वास घेते, उघडमीट, उघडमीट. इतका शांत श्वास मी जप करतानाही घेतलेला नाही.

माशेवाला जाताना काठाशी वाकला. "येतो हं," म्हणाला. आम्हाला नव्हे.

१ मे

खात नाहीत. आल्यापासून काही नाही. सोललेली कोळंबी तशीच पडून राहते, हे जाळीनं काढतात. म्हणतात, "नवीन जागा आहे. वेळ लागतो." पण आज जेवताना दुसरी पोळी 'नको' म्हणाले. तो 'नको' मी ओळखते.

माझ्याजवळ आईनं दिलेले दोन जुने तांब्याचे पैसे आहेत, मधे भोक असलेले. देवाच्या डबीत असतात. आई म्हणायची, तांब्यानं पाणी शुद्ध होतं. आज हे अंघोळीला गेले तेव्हा एक पैसा देवाला लावला आणि तळ्याच्या कोपऱ्यात वाळूत सोडला. म्हटलं, देवा, तुझे जीव आहेत, तूच सांभाळ.

२ मे

खाल्लं! सकाळी परातीनं, मग ताटलीनं. कोळंबीवर जाऊन झाकण ठेवावं तशा बसल्या आणि उठल्या तेव्हा खाली काही नाही. हे ओरडले, "खाल्लं गं!" चौकशीखात्यानं खिडकी उघडली. उघडू दे.

पैशाचं कुणाला सांगितलं नाही. केलेलं बोलून दाखवलं की त्यातलं पुण्य जातं.

१२ मे

आज मी स्वतः भरवलं. ह्या हातांनी मी देवाची फुलं निवडते, त्यांनी गांडूळ धरायचं म्हणजे! आधी चिमट्यानं धरलं. परात चिमटा बघून मागं फिरली. हे म्हणाले, "लोखंडाला भितात. हात दे."

देवाचं नाव घेतलं आणि हात पाण्यात घातला. ती आली. माझ्या तळहातावर चढली. अंग कसं, तर ओल्या साबणासारखं, आणि खाली कुठंतरी ते इवलं तोंड, लुचुलुचु. लेक अंगावर पीत होती तेव्हा असंच ओढायची. किती वर्षांनी ती ओढ हाताला कळली. गांडूळ संपलं तरी मी हात काढला नाही.

मग चांगला दोनदा धुतला. पण देवापुढे बसल्यावर वास घेऊन बघितला हे खरं आहे.

२४ मे

परातीचं काहीतरी बिनसलंय. परवापासून अर्धंच खाते. वाळू अंगावर घेत नाही. नुसती पडून असते, तीही पैशाच्या कोपऱ्यापासून सगळ्यात लांब. तिथं तर मी मुद्दाम देवाचं ठेवलंय!

२८ मे

काहीच खात नाही. कडा वर वळायला लागल्यात, करपलेल्या पोळीसारख्या. माशेवाल्याला फोन केला. त्यानं सगळं नीट विचारून घेतलं. म्हणाला, "कड वळली म्हणजे बरं नाही काकू. पाण्यात काहीतरी आहे. साहेबांना द्या फोन."

ह्यांनी फोन घेतला, ऐकला, ठेवला. मग बैठकीत गेले. खुर्ची फिरवली. भिंतीकडे.

मी दारात उभी राहिले. 'अहो' म्हटलं. 

मला सुचलं ते केलं. डबीतला दुसरा पैसा काढला. हा आईचा शेवटचा. तोही त्याच कोपऱ्यात सोडला. एका पैशानं भागत नसेल तर दोन घे, पण ह्यांना परत दे. कितीही हिशेबी असले तरी इथं मी हात आखडला नाही.

२९ मे

सकाळी देवळात गेले ते दुपारपर्यंत बसून राहिले. काही मागितलं नाही. मागून मागून थकले होते.

घरी आले तर घरात पाणीच पाणी. हे अर्धी चड्डी आणि जुना शर्ट घालून तळ्यात उभे! अर्धं पाणी काढलेलं, नवं चढतंय, वाळू सगळी चाळलेली. दोन्ही पाकट टबात. खुर्ची बैठकीत रिकामी.

"काय झालं?"

"गाळ होता," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. "काढला."

"कोपऱ्यात?"

"सगळीकडे."

तिसऱ्या पिंपात कोळशाच्या पिशव्या कोंबल्यात. चांगला कोळसा पाण्यात! पण आज मी तोंड उघडलं नाही. ह्यांचे हात कामाला लागलेले होते.

३१ मे

हे पोस्टात गेले तेव्हा झाऱ्यानं कोपऱ्यातली वाळू उकरली. पैसे नाहीत. दोन्ही नाहीत. सगळा कोपरा शोधला, काहीच नाही.

माझ्या अंगावर काटा आला. आजवर एवढी पूजा केली, पण दिलेलं असं डोळ्यांसमोर घेतलेलं कधी पाहिलं नव्हतं.

६ जून

परात सरळ झाली. कडा पसरल्या. आज अर्धी कोळंबी खाल्ली. हे रोज थोडं पाणी काढतात, थोडं घालतात, आणि मी रोज देवाचे आभार मानते. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात. आमच्याकडे पाण्यात करणी.

१९ जून

ती उडाली. दुसरा शब्द नाही. संध्याकाळी तळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, तळाला न टेकता, कड लहरत, सगळे पांढरे ठिपके अंगावर घेऊन. जणू आभाळाचाच तुकडा कुणी खाली सोडलाय आणि तो परत जायची वाट शोधतोय. मागून ताटली. आम्ही दोघं काठावर बसलो होतो. हे गप्प असूनही मला भीती वाटली नाही.

मग ह्यांनी खिशातून एक पांढरा गोटा काढून माझ्या हातात ठेवला. नदीतला, गुळगुळीत. म्हणाले, "पाण्याला काही द्यावंसं वाटलं तर दगड द्यावा. दगड पाण्याला काही करत नाही."

किती खोल बोलले! माणूस दुःखातून गेला की असं बोलायला लागतो. मी गोटा डोळ्यांना लावला आणि कोपऱ्यात ठेवला. हे समाधानानं 'हं' म्हणाले.

२ जुलै

ताटलीचं वागणं बरं नाही. दिवसभर परातीच्या मागं. आज तर तिची कड तोंडात धरून चावली! मी काठावरून पाणी हलवून रागावले, "नवरा असलास म्हणून काय झालं?" हे दारात उभे होते. म्हणाले, "राहू दे गं, त्यांचं ते बघतील." आणि मला चहा करायला पाठवलं. पुरुष शेवटी पुरुषाचीच बाजू घेणार.

१४ सप्टेंबर

आता माझ्याच मनाला खातंय. परात फुगलीये. मधे पाठीवर उंचवटा आलाय, पालथ्या वाटीसारखा. दोष माझा. हे दुपारी झोपले की मी तिला जास्तीचं भरवते. ती काठाशी येते, माझ्या हाताला लागते, मला नाही म्हणवत नाही. लेकीच्या बाबतीत कधी असं केलं नाही. तिला मोजून वाढलं.

आज ह्यांना सांगून टाकलं. "मी तिला लपून खायला घालते. तिला काही झालं तर मला बोला, पण खुर्ची फिरवू नका."

हे माझ्याकडे बघत राहिले. आणि हसले! मोठ्यांदा, पंपघरातलं हसू. डोळ्यांतून पाणी आलं.

"खाऊ दे," म्हणाले. "तिला हवंय."

"अहो, पण पोट..."

"खाऊ दे गं."

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू खरंच...? बरं, बाबांना दे फोन." मग दोघं हसत होती. मला काय हसतात ते कुणी सांगितलं नाही.

१९ ऑक्टोबर

अक्षर वेडंवाकडं येतंय. पण आजच लिहायला हवं.

दुपारी कपडे भिजवत होते. ह्यांचा तळ्यात उतरायचा जुना शर्ट उन्हाळ्यापासून खुंटीला होता, तो घेतला. भिजवण्याआधी खिसे बघायची माझी सवय. आत काहीतरी लागलं. काढलं. दोन तांब्याचे पैसे, मधे भोक.

मी मोरीत उभीच राहिले. आधी म्हटलं, देवानं ह्यांच्या खिशात कशाला ठेवले? मग नीट बघितले. डबीत होते तेव्हा काळपट होते. आता एक उजळ, आणि कड झिजलेली. भोकही मोठं झालेलं. दुसरा एकच रात्र पाण्यात होता, तो तसाच काळपट. म्हणजे पहिला पाण्यानं खाल्ला. तांबं पाण्यात गेलं, म्हणजे परातीच्या अंगात गेलं. मग एकेक आठवायला लागलं. पितळी नळ, पितळेत तांबंच असतं. कोळसा. ज्या कोपऱ्यापासून ती लांब राहायची तो कोपरा. 'गाळ होता.' आणि तो गोटा. मी त्याला खोल बोलणं समजले होते!

म्हणजे त्या दिवशी हे खुर्चीवरून उठले, वाळूत हात घातला, आणि हातात आला तो माझा देव. त्यांनी तो मला दाखवला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, एक शब्द नाही. आणि मी म्हणत होते, हे बोलत नाहीत.

तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली. "अगं ए! ये! लवकर ये!" तो आवाज! पंप चालू असताना पलीकडच्या माणसाला मारायचे तो. चौकशीखात्याची खिडकी उघडली, मी बघितलं, पण पळत सुटले. गुडघे विसरले. साबणाचे हात, मुठीत पैसे.

परात तळाशी होती, कडा उचलून. तिच्याखालून काहीतरी बाहेर येत होतं, सुरळी केल्यासारखं. मला वाटलं आतडं. मी डोळे मिटणार तोच ते सुटलं, पाण्यात तरंगलं, आणि उलगडलं. घडी घातलेला हातरुमाल झटकावा तसं. बशीएवढं! काळं! वर सगळे ठिपके, एकही राहिला नव्हता. शेपूट, डोळे, डोळ्यांमागची भोकं, आणि ती लगेच उघडमीट, उघडमीट. त्याला कुणी शिकवलं? आताच तर आलं होतं! एक वळसा घेतला, तळाला गेलं, आणि आईसारखीच कड हलवून इवलीशी वाळू अंगावर घेतली.

मग दुसरं. मग तिसरं.

"बाळंत झाली," हे म्हणाले. "बाळंत झाली गं." रडत होते. मीही.

असं मन भरून आलं की माझा हात आपोआप पाण्याकडे जातो. आजही गेला. पाण्याला टेकलादेखील. मूठ उघडायची तेवढी राहिली होती. हे बघत होते माझ्या मुठीकडे. त्यांना दिसलं की नाही, कळलं नाही.  हात धरला नाही.

मी मूठ मागं घेतली. पदरात पुसली.

दारात चौकशीखातं उभं होतं, हातात एक वीट. "म्हटलं एवढं ओरडताय, भिंतबिंत पडली की काय!" मग तिनं तळ्यात बघितलं, आणि वीट तशीच हातात धरून तीही गप्प झाली. तिला गप्प पहिल्यांदाच पाहिलं.

२३ ऑक्टोबर

शर्ट धुतला, वाळवला, घडी घातली. खिशात होतं ते खिशात परत ठेवलं.

आज सकाळी ह्यांनी तो घातला. पाना ठेवायला खिशात हात घातला आणि हात तिथंच थांबला. मी काठावर बसून बाळांकडे बघत होते. मान वर केली नाही.

"ह्यांना खायला कधी द्यायचं?" मी विचारलं.

ह्यांनी पाना दुसऱ्या खिशात सारला. "उद्या. आधी अगदी बारीक करून." 

"मी करीन बारीक."

"हं."

मग येऊन बसले, माझ्या शेजारी. परात आमच्या पायांशी आली, तिच्यामागून तीन बश्या. छतावर उन्हाची जाळी हलत होती. हा काठ इतका रुंद कशाला, म्हणून ह्याच वहीत मी भांडण लिहिलं आहे. आज हात टेकवून बघितलं. माझ्या स्टुलाच्या उंचीचा आहे, आणि दोन माणसं अगदी नीट मावतात.